सुती पट्टी

सिंधुदुर्गातल्या आरोंद्याच्या काठावर उभे राहिले की तेरेखोल खाडीच्या पलीकडे किरणपाणी दिसते, म्हणजे गोवा. मधल्या पाण्यावर कुणाचेच नाव नाही. या पाण्यातल्या कुर्ल्या आणि तिसऱ्यांवर घर चालवणाऱ्या बाईला बँकेने विचारले, 'तारण काय?', तर तिने काय दाखवावे? खाडीला सातबारा नसतो. घरचे खाजण असलेच, तर त्याच्या सातबारावर मुंबईतल्या चुलत्यांसकट ढीगभर नावे, आणि सह्या गोळा करता करता हंगाम सरतो.

तारणाच्या या अडचणीवर नाबार्डने 1992 मध्ये एक वाट शोधली. देशातले 500 बचत गट बँकांशी जोडायचा तो प्रयोग होता. जमिनीऐवजी दरमहाची बचत आणि एकमेकींची हमी बघून कर्ज द्यायचे. खाडीकाठच्या कांदळवनापर्यंत गटाची ही रीत पोहोचली ती मात्र वनखात्याच्या दारातून.

मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवन तोडायला मनाई केली. 2012 मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र कांदळवन कक्ष उभारला आणि 2015 मध्ये त्याला जोडून कांदळवन प्रतिष्ठान आले. त्याच सुमारास संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर खेकडापालन, कालवे आणि शिनाणे नावाचे शिंपले वाढवण्याचे प्रयोग चालू होते. मनाईने झाड वाचते, पण काठावरच्या घराला त्यातून दोन पैसे मिळाले, तरच ते घर झाडाची राखण करते. ही गोष्ट या प्रयोगांत कळली. 2017 मध्ये राज्याने कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आणली.

योजनेची खरी करामत तिच्या आकड्यांत आहे. गटाने काम घेतले, तर 90 टक्के खर्च सरकारचा आणि 10 टक्के गटाचा. एकट्याने घेतले, तर सरकारचे 75 आणि त्याचे 25. खाडी सगळ्यांची, म्हणून झुकते माप गटाला. दहा टक्के ही रक्कम छोटी, पण ती गटाच्या पासबुकातून गेलेली असते. फुकटच्या जाळ्याला भोक पडले तर कुणी बघत नाही. स्वतःचे पैसे घातलेल्या जाळ्यातून कुर्ली निसटली, तर चौघीजणी धावतात. त्याच 2017 साली वेंगुर्ल्यात स्वामिनी महिला बचत गटाने मांडवी खाडीत कांदळवन सफर सुरू केली. एरवी चुलीत जाणारे झाड तिथे उभ्या उभ्या कमाई देऊ लागले.

शिनाण्यांची शेती जवळून बघावी. बांबूचा तराफा, त्याला लोंबणारे दोर. दोरावर शिनाण्यांचे बी, म्हणजे इवले शिंपले, पसरून भोवती सुती कापडाची पट्टी गुंडाळतात आणि टाके घालतात. पाण्यात काही दिवसांत कापड कुजते. तोवर बियांनी आपल्याच तंतूंनी दोर घट्ट धरलेला असतो. पट्टी लवकर विरली, तर बी तळाला जाते. नायलॉनची घातली, तर शिंपले वाढायला जागा उरत नाही.

या धंद्याला हंगामाचा पक्का काच आहे. पावसाळा सरून पाणी खारे झाले की बी लावायचे आणि मे संपायच्या आत माल काढायचा, कारण पहिल्या मोठ्या पुराने खाडी गोडी होते. सरकारचे वर्ष मात्र मार्चला संपते. नोव्हेंबरला हवा असलेला हप्ता फेब्रुवारीत खात्यावर आला, तर कागदावर तो खर्ची पडतो, पण पाण्यात काहीच वाढत नाही. खेकड्याचे तेच. त्याची पिल्ले तामिळनाडूतल्या राजीव गांधी जलकृषी केंद्राच्या उबवणीतून यायची, तर मागणी आधीच नोंदवायला लागते.

2019 मध्ये ग्रीन क्लायमेट फंडाच्या पैशातून सुरू झालेल्या किनारपट्टीच्या कार्यक्रमातही सिंधुदुर्ग आला. निधी वाढला, योजनांची नावे वाढली. आता कुठलीही नवी योजना आरोंद्यात आली, तर गावच्या बैठकीत पहिला प्रश्न अनुदान किती, हा नसावा. पाणी गोडे कधी होते, हे आधी विचारावे आणि हप्त्याची तारीख त्यावरून ठरवावी. पट्टी किती दिवस टिकायला हवी, ते दोराला टाके घालणारीला विचारावे.