विलासनौकेचा घाट आणि मापाचा गज

चैनीच्या वस्तूंचा इतिहास लिहिणें म्हणजे शाईचा अपव्यय, असें आमच्या कित्येक विद्वान् मित्रांचें मत आहे. राज्यें, धर्म आणि ग्रंथ यांच्या इतिहासापुढें, इंग्रज लोक जिला यॉट म्हणतात त्या शर्यतीच्या विलासनौकेची काय प्रतिष्ठा? परंतु गेल्या शतकांतील अशा नौकांचे आराखडे काळाच्या अनुक्रमानें शेजारीं शेजारीं मांडून पाहिले, म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. त्यांचा घाट वारा व पाणी यांनीं जितका ठरविला, तितकाच मापणाऱ्याच्या गजानेंही ठरविला. ही गोष्ट केवळ नाविकांनींच नव्हे, तर मुलांच्या परीक्षांचे निकाल वाचणाऱ्या आईबापांनींही ध्यानांत घ्यावी, असें आम्हांस वाटतें.

ता. २२ ऑगस्ट १८५१ रोजीं इंग्लंडच्या दक्षिणेस आइल ऑफ वाइट या बेटाभोंवतीं शर्यत झाली. तींत न्यूयॉर्कहून आलेल्या ‘अमेरिका’ नामक एकट्या नौकेनें इंग्रजांच्या साऱ्या नौकांना मागें टाकिलें. इंग्रज नौका पुढें फुगीर व मागें निमुळत्या, म्हणजे कॉड माशाचें डोकें आणि बांगड्याचें शेपूट अशा घाटाच्या असत. जॉर्ज स्टीअर्स यानें आपल्या नौकेची नाळ धारदार केली आणि रुंदी मागें सारली. शिवाय तिचीं शिडें कापसाच्या घट्ट कापडाचीं व सपाट होतीं. इंग्रजांचीं तागाचीं शिडें वाऱ्यानें पोत्यासारखीं फुगत. हा विजय आकाराच्या विचाराचा होता.

परंतु लहानमोठ्या नौकांना एकाच शर्यतींत उतरवावयाचें तर त्यांची तुलना कशी करावी? गलबत चालूं लागलें कीं तें स्वतः उठविलेल्या लाटेंत सांपडतें, आणि लाट जितकी लांब तितकी ती वेगानें धांवते. म्हणून पाण्यावर टेकलेली लांबी ज्या नौकेची अधिक, तिची वेगाची मर्यादाही अधिक. ८१ फूट लांबीस ही मर्यादा ताशीं सुमारें १२ सागरी मैल पडते. तेव्हां मोठ्या नौकेनें लहान नौकेस कांहीं वेळ सूट देणें न्याय्यच होय. आणि सूट आली कीं माप आलें.

१८५५ मध्यें लंडनच्या रॉयल टेम्स यॉट क्लबानें असें ठरविलें कीं, लांबींतून रुंदी वजा करावी, बाकीस रुंदीनें गुणावें, पुन्हां रुंदीच्या निमपटीनें गुणावें आणि येणाऱ्या संख्येस ९४ नें भागावें. खोली मोजावयाची नाहीं. शीड मोजावयाचें नाहीं. अर्थात् रुंदी महाग झाली, खोली व शीड फुकट झालीं! पुढें नियमांत फेरफार झाले, तरी रुंदीवरील हा कर सुटला नाहीं. रचनाकारांनीं नौका वर्षानुवर्षें अरुंद केली, ती उलटूं नये म्हणून तळाशीं शिशाचें प्रचंड ओझें बांधिलें, आणि वर भरमसाट शिडें चढविलीं. कडेवर उभ्या केलेल्या फळीसारखी ती दिसूं लागली. १८८४ सालच्या ‘जेनेस्टा’ची पाण्यावरील लांबी ८१ फूट, तर रुंदी अवघी १५ फूट होती. १८८६ सालच्या ‘ऊना’ या लहान नौकेची लांबी सुमारें ३४ फूट असून रुंदी साडेपांच फूट होती. ही नौका पहिल्याच प्रवासांत आयर्लंडच्या किनाऱ्यावर वादळांत फुटली, आणि तिचा तरुण रचनाकार पेटन हाही तिच्याबरोबर बुडाला. वादळास दोष द्यावा हें खरें. परंतु असल्या घाटाच्या नौका निपजविणाऱ्या गणितासही त्या दोषांतून सुटतां येत नाहीं.

अखेर १८८७ पासून नवा नियम अमलांत आला. पाण्यावरील लांबी व शिडाचें क्षेत्रफळ एवढेंच आतां मोजूं लागले. रुंदी मोकळी झाली. या मोकळिकीचें उत्तम फळ म्हणजे १८९३ मध्यें ग्लासगो येथें तत्कालीन युवराज एडवर्ड यांजकरितां बांधिलेली ‘ब्रिटानिया’. तिचा रचनाकार जॉर्ज लेनॉक्स वॉटसन यानें सुमारें ८८ फूट लांबीस २३ फुटांहून अधिक रुंदी दिली. त्यामुळें ती शीड तोलून धरी आणि आंत राजपुत्रास साजेशी बैठक व निजावयाच्या खोल्याही मावत. पहिल्याच हंगामांत ४३ शर्यतींपैकीं ३३ तिनें जिंकिल्या. सुखसोय आणि वेग हीं दोन्हीं एका पोटांत नांदूं शकतात, हें तिनें सिद्ध केलें.

तथापि मनुष्याची बुद्धि नव्या गजांतही पळवाट शोधतेच. स्थिर उभ्या नौकेची पाण्यावरील लांबीच मोजतात ना? मग नाळ व पिछाडी पाण्याच्या वर लांबवर पुढें काढावी, म्हणजे नौका कलली कीं तीं पाण्यास टेकतील आणि न मोजलेली लांबी कामास येईल! १९०३ मध्यें नॅथॅनिएल हेरेशॉफ या अमेरिकन रचनाकारानें ‘रिलायन्स’ बांधिली. पाण्यावर ९० फूट, पण एकंदर देह सुमारें १४४ फूट. शीड १६,००० चौरस फुटांहून अधिक. तिनें प्रतिस्पर्धी ‘शॅमरॉक’ (तिसरी) हिचा धुव्वा उडविला. पण ती एका हंगामापुरतीच होती, आणि १९१३ मध्यें मोडींत निघाली. विशेष हें कीं, असल्या नौकांना आळा घालणारा, नौकेच्या वजनासही मापांत स्थान देणारा नियम हेरेशॉफनेंच तयार केला होता!

‘ब्रिटानिया’ मात्र दोन राजांच्या कारकीर्दी पाहून, ६३५ शर्यतींत २३१ वेळां पहिली आली. पांचव्या जॉर्जच्या मृत्यूनंतर, त्याच्याच इच्छेनुसार, जुलै १९३६ मध्यें ती आइल ऑफ वाइटजवळ खोल समुद्रांत बुडविण्यांत आली.

आम्हीं आयुष्याचीं बरींच वर्षें उत्तरपत्रिका तपासण्यांत घालविलीं आहेत. गुण देणें सोडून द्यावें, असें आम्ही म्हणत नाहीं. मापावांचून शर्यत होत नाहीं. पण आमच्या गजांत ज्यास स्थान नाहीं, तें विद्यार्थी टाकून देतो, आणि त्याबद्दल दोष मात्र आम्ही त्यासच देतों. अरुंद झालेला मुलगा दिसला, तर त्याजवर रागावण्यापूर्वीं आपण काय मोजलें हें एकवार पाहावें.