धुराचे बळ, श्वासाचे बळ



ज्या मोटारीच्या किमतीत आपल्या गावात एक चाळ उभी राहील, तिच्या इंजिनाविषयी कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण माझे शिक्षण शाळेत थोडे आणि यंत्रांच्या शेजारी अधिक झाले. विशीत असताना मी एका गिरणीत बॉयलरवर मदतनीस होतो. भट्टीतला धूर चिमणीकडे जाताना नळ्यांच्या एका जुडग्यावरून जाई आणि बॉयलरचे पाणी त्या फुकटच्या उष्णतेवर तापे. वाया जाणाऱ्या गोष्टीतून काम काढण्याची ही युक्ती तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे. आजची कथा त्याच युक्तीची आहे.

मोटारीचे इंजिन श्वासावर चालते. पिस्टन खाली जातो, सिलिंडरात हवा ओढली जाते, तिच्यात पेट्रोल जळते आणि तप्त धूर बाहेर पडतो. जितकी हवा आत जाईल, तितकेच पेट्रोल नीट जळेल. म्हणून बळ वाढवायचे तर सिलिंडर मोठे करावेत, त्यांची संख्या वाढवावी, नाहीतर इंजिनाचे फेरे वाढवावेत. हा झाला स्वाभाविक श्वासाचा मार्ग.

दुसरा मार्ग आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली पेटंटासाठी मांडला. इंधनाच्या शक्तीचा सुमारे तिसरा हिस्सा धुराबरोबर निघून जातो. त्या धुराच्या वाटेत एक चक्र बसवावे आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे. पहिले धुराने फिरेल, दुसरे बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरील. हाच टर्बोचार्जर. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर विमानाचे इंजिन नेऊन, विरळ हवेतही ते या साधनाने जोर धरते हे दाखवून दिले. पुढे जहाजांच्या डिझेल इंजिनांनी ते स्वीकारले. विक्रीच्या मोटारीत ते आले १९६२ साली, अमेरिकेतच.

मात्र युक्तीत एक खोट होती. धूर जोराने आल्याशिवाय चक्र फिरत नाही, चक्र फिरल्याशिवाय जादा हवा नाही आणि जादा हवेवाचून धुराला जोर नाही. चालकाने ॲक्सिलरेटर दाबला, तर बळ क्षणभर थांबून येई आणि आले म्हणजे एकदम येई. १९७४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेली पोर्शे ९११ टर्बो तीन लिटरच्या इंजिनातून २६० अश्वशक्ती काढीत असे. पण इंजिन मागच्या आसाच्याही मागे, आणि वळणाच्या मध्यावर असा धक्का आला, तर गाडीचे शेपूट फिरे. या गाडीची धास्ती चांगल्या चांगल्या चालकांना होती.

मग अशी खोड असलेले यंत्र फैलावले कसे? येथे माझ्या धंद्यातला अनुभव उपयोगी पडतो. यंत्राचे रूप अभियंता एकटा ठरवीत नाही, नियमांचे पुस्तकही ठरवते. फॉर्म्युला वन शर्यतींत १९६६ पासून असा नियम होता की साधे इंजिन तीन लिटरचे चालेल, हवा दाबून भरणारे असेल तर दीड लिटरचे. निम्म्या आकाराचे इंजिन घेऊन कोण उतरणार, असेच सर्वांना वाटे. १९७७ साली सिल्व्हरस्टोनला रेनो उतरली. तिच्यातून इतका धूर निघे की लोकांनी तिला ‘पिवळी किटली’ म्हणून हिणवले. दोनच वर्षांत, १९७९ साली, त्या किटलीने फ्रान्सची शर्यत जिंकली. १९८८ साली टर्बोवर चालणाऱ्या मॅक्लारेन-होंडाने सोळापैकी पंधरा शर्यती मारल्या, आणि १९८९ पासून नियमानेच टर्बो बंद झाला. २०१४ साली नियमानेच तो परत आणला.

इटलीत दोन लिटरहून मोठ्या इंजिनाच्या मोटारीवर जड कर होता. तो चुकवण्यासाठी फेरारीने आपले आठ सिलिंडरांचे इंजिन दोन लिटरच्या आत बसवले. १९८० साली ते १५५ अश्वशक्तीचे होते, म्हणजे घोडा लाखाचा आणि चाल टांग्याची! १९८२ साली त्याला टर्बो जोडला तेव्हा २२० झाली. त्याच वाटेने १९८७ ची प्रसिद्ध एफ ४० आली. एन्झो फेरारी यांच्या हयातीत निघालेली ती शेवटची नवी गाडी. १९८८ साली ते वारले.

यावर दुसऱ्या पक्षाने उत्तर दिले. गॉर्डन मरे यांनी १९९२ साली मॅक्लारेन एफ १ ला बीएमडब्ल्यूचे बारा सिलिंडरांचे, टर्बोवाचूनचे इंजिन घातले. पाय हलताक्षणी गाडीने उत्तर द्यावे, हा त्यांचा आग्रह होता. १९९८ साली तिने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला. हा वेग मागे टाकणाऱ्यांत २००५ ची बुगाटी व्हेरॉन होती; तिला चार टर्बो होते.

२००९ साली युरोपीय संघाने नव्या मोटारींच्या कार्बन वायूवर कायद्याने मर्यादा घातली. लहान कारखान्यांना त्यात सवलती होत्या, पण वारा कोठे वाहतो हे सर्वांना कळले. त्याच वर्षीची फेरारी ४५८ साडेचार लिटरची, मिनिटाला ९००० फेऱ्यांवर ५७० अश्वशक्ती देणारी. तिच्या जागी २०१५ साली आलेली ४८८ चार लिटरच्या आतली, दोन टर्बोंची, ६७० अश्वशक्तीची. कागदावर निकाल लागला होता. पण गंमत अशी की कारखान्याने खालच्या गीअरांत तिचा जोर मुद्दाम आवरून धरला, म्हणजे फेऱ्यांबरोबर तो जुन्या इंजिनासारखा चढत जावा! जिंकलेल्याला हरलेल्याची चाल शिकवावी लागली.

कारण हरलेल्याजवळ मोलाचे काही होते. पाऊल आणि चाक यांच्यामध्ये कोणी नसणे, आणि फेरे वाढतील तसा चढत जाणारा स्वर. टर्बोचे चक्र धुराच्या वाटेत उभे असल्याने तो स्वर दबतो. म्हणून २०२४ सालीही फेरारीने बारा सिलिंडरांची, टर्बोवाचूनची नवी गाडी काढली. त्याच वर्षी लँबोर्गिनीने मात्र आपल्या दहा सिलिंडरांच्या इंजिनाच्या जागी टर्बोचे इंजिन दाखवले.

कामाचे तास बांधले जात होते तेव्हा मालक म्हणत की उद्योग बुडेल. बुडाला नाही, तीच यंत्रे अधिक हुशारीने चालवण्यात आली. मर्यादा पडल्यावर कारागिराचे डोके चालते, हे मोटारीनेही दाखवले. पण प्रत्येक सुधारणेत काही हातचे जाते, आणि ते गेल्याचे प्रथम त्यालाच कळते, ज्याचा हात यंत्रावर असतो. म्हणून नियम करणाऱ्यांनी नियम जरूर करावा, पण त्या हातालाही एकदा विचारावे.