न्यायमंदिराचे अंतर : सातारा-सांगलीच्या वकीलवर्गाची वाटचाल

आपल्या संघाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा विषय शोधीत बसावे लागले नाही. दिनांक १८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचचे, म्हणजे फिरत्या खंडपीठाचे, काम सुरू झाले. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी चार दशके जी मागणी लावून धरली होती, ती फळास आली. सोहळ्याची वर्णने आपण वृत्तपत्रांतून वाचली असतीलच. परंतु त्या सोहळ्यामागे आपल्या दोन जिल्ह्यांचा जो दीर्घ इतिहास उभा आहे, तो आपल्या घरांतील तरुण मंडळींस ठाऊक असावा, एवढ्याच हेतूने हा अल्प प्रयत्न आहे. मी कायद्याचा पंडित नव्हे. शाळेत इतिहास-भूगोल शिकविण्यात माझी हयात गेली. या विषयात इतिहास आणि भूगोल दोन्ही आहेत, हाच काय तो माझा अधिकार.

न्याय या विषयावर साताऱ्याच्या माणसाने बोलावयाचे, तर आरंभ रामशास्त्री प्रभुणे यांच्या स्मरणानेच झाला पाहिजे. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरील माहुली हे त्यांचे गाव. नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली खून झाला, त्या प्रकरणी प्रत्यक्ष रघुनाथरावास दोषी ठरवून, अधिकारपद टाकून ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. ही कथा आपण सर्वांनी पाठ्यपुस्तकात वाचली आहे. न्यायाधीश निःस्पृह असावा, हा धडा त्यांनी दिला. मात्र न्यायाधीश कितीही थोर असला, तरी दाद मागणाऱ्यास त्याच्यापर्यंत पोहोचता आले पाहिजे, हा दुसरा धडा साताऱ्याला पुढे सत्तर वर्षांनी मिळाला, आणि तो फार कटू होता.

त्या काळी ‘वकील’ या शब्दाचा अर्थ आजच्याहून निराळा होता. एका दरबाराने दुसऱ्या दरबारी आपली बाजू मांडण्यासाठी पाठविलेला मनुष्य, तो वकील. सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांस इंग्रजांनी १८३९ साली पदच्युत केले, तेव्हा त्यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी गुप्ते हे वकील विलायतेस गेले. कंपनीच्या संचालकांपुढे, भागीदारांपुढे आणि इंग्लंडातील लोकमतापुढे सुमारे चौदा वर्षे ते आपल्या धन्याची बाजू मांडीत राहिले. मध्यंतरी १८४७ साली महाराज काशी येथे नजरकैदेत निवर्तले आणि १८४८ साली सातारचे राज्यही खालसा झाले. पक्षकार गेला, दाव्याची वस्तू गेली, तरी वकील उभाच होता. अखेर रिकाम्या हाताने ते परतले. १८५७ च्या उठावात त्यांचा पुत्र सीताराम फासावर गेला, आणि स्वतः रंगो बापूजी कोठे अंतर्धान पावले, ते इंग्रज सरकारास कळले नाही. त्यांच्या चिकाटीत कोणती उणीव होती? माझ्या अल्पमतीस वाटते, उणीव अंतराची होती. अन्याय साताऱ्यात घडला होता आणि न्यायकर्ते समुद्रापलीकडे बसले होते.

इंग्रजी अंमल स्थिरावला तसा वकिलीचा धंदाही नव्या वळणाने जाऊ लागला. १८२७ सालच्या एल्फिन्स्टनसाहेबाच्या नियमसंहितेने मुंबई इलाख्यात वकिलांस सनदेची चौकट घालून दिली होती. १८६२ साली मुंबईस उच्च न्यायालय स्थापन झाले. वकीलवर्गात बॅरिस्टर, हायकोर्ट वकील, जिल्हा प्लीडर, मुखत्यार अशा पायऱ्या होत्या, आणि खालच्या पायरीवरील मनुष्यास वरच्या न्यायालयात उभे राहण्याची मुभा नसे. स्त्रियांस तर १९२३ च्या कायद्यापर्यंत हे दारच बंद होते. तरीही आपल्या भागातील वकिलांनी लोककार्यात मागे पाहिले नाही. साताऱ्याचे वकील दादासाहेब करंदीकर हे लोकमान्य टिळकांचे विश्वासू सहकारी होते. यशवंतराव चव्हाण यांनी १९४१ साली कायद्याची पदवी घेऊन कऱ्हाडास वकिली सुरू केली होती, ती देशकार्यापुढे मागे पडली. ज्यांचा जन्म १९०१ साली साताऱ्यात झाला, ते प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर १९६४ ते १९६६ या काळात भारताचे सरन्यायाधीश होते.

आता सांगलीकडे वळू. आजचा सांगली जिल्हा हा इतिहासाच्या दृष्टीने अनेक ठिगळांचा आहे. त्यातील काही तालुके ब्रिटिश साताऱ्याचे. तर सांगली, मिरज, जत ही संस्थाने, आणि आटपाडी व कुंडल हे औंध संस्थानचे भाग. संस्थानी अंमलात दोष पुष्कळ होते, परंतु दाद मागण्याची जागा बहुधा दिवसाच्या वाटेवर असे. कोल्हापूर संस्थानास तर स्वतःचे हायकोर्ट होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली प्रजेस राज्यघटना दिली, तीत गावच्या पंचायतीकडे न्यायदानाचे कामही सोपविले. पुढे १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे चालविली. शेताचे बांध, वाटण्या, सावकारी अशी भांडणे गावातच, पंचांसमक्ष, बिनखर्चात मिटविली जात. आमचे वडील त्या आठवणी मोठ्या अभिमानाने सांगत. मात्र एक गोष्टही ते जोडीत असत. या न्यायाला घर जवळ होते, पण पुढे अपील नव्हते. एखाद्याविरुद्ध गाव फिरले, तर त्याच्या बाजूने उभे राहणारा कोणी असेलच, असे नव्हते. रंगो बापूजींच्या प्रकरणात वकील होता, परंतु न्यायासन दूर होते. येथे न्यायासन जवळ होते, परंतु वकील नव्हता. खरा न्याय म्हणावयाचा तर दोन्ही हवीत.

दिनांक ८ मार्च १९४८ रोजी सांगली, मिरज, औंध आदी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूरही विलीन झाले. त्याच वर्षी दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला, त्यास १९६० साली सांगली हे नाव मिळाले. विलीनीकरण योग्य आणि आवश्यकच होते. परंतु त्याचा एक परिणाम फारसा कोणी बोलून दाखविला नाही. कोल्हापूरचे हायकोर्ट मिटले, आणि या साऱ्या मुलखाची अखेरची दाद मुंबईस गेली. सांगलीहून कोल्हापूर सुमारे पन्नास किलोमीटर, तर मुंबई पावणेचारशेच्या घरात.

या अंतराची किंमत काय, हे मी पुस्तकात वाचलेले नाही, घरात पाहिले आहे. आमचे गाव कृष्णाकाठी, दोन्ही जिल्ह्यांच्या सीमेवर. वडिलांचा सव्वा एकर जमिनीचा दावा होता. तालुक्याच्या कोर्टात निकाल आमच्या बाजूने झाला. जिल्हा न्यायालयातही तो कायम राहिला. प्रतिपक्षाने मुंबईस दुसरे अपील केले. वडील एस.टी.ने दोनदा मुंबईस जाऊन आले. तिसऱ्या खेपेपूर्वी त्यांनी माझ्या शाळेच्या वहीवर हिशेब मांडला : जाण्यायेण्याचे भाडे, उतरण्याचा खर्च, नव्या वकिलांची फी, आणि हंगामातील बुडालेले दिवस. वही मिटून ते आईस म्हणाले, “निकाल आपला आहे, पण तो आणायला जाण्याची ऐपत आपली नाही.” वीस गुंठे सोडून त्यांनी तडजोड केली. कोणी आमच्यावर अन्याय केला नाही. कोणत्याही न्यायाधीशाने वा वकिलाने कसूर केली नाही. ते वीस गुंठे अंतराने नेले. अशी गोष्ट आपल्या समाजातील अनेक घरांत असेल, विचारून पाहा.

१९६१ च्या अधिवक्ता कायद्याने वकीलवर्गातील जुन्या पायऱ्या मोडून ‘अधिवक्ता’ ही एकच सनद केली, आणि प्रत्येक राज्यास बार कौन्सिल दिले. महाराष्ट्र व गोवा यांचे बार कौन्सिल एकच आहे. सनद देणे, नोंदवही राखणे, गैरवर्तनाची चौकशी करणे ही त्याची मुख्य कामे. त्याचे सदस्य वकिलांनीच निवडून द्यावयाचे असतात. वकील व त्यांच्या कुटुंबीयांसाठी १९८१ च्या कायद्याने कल्याण निधीही उभा राहिला. हे झाले राज्याचे. जिल्ह्या-तालुक्यांत मात्र स्थानिक वकील संघटनाच धंद्याचे खरे घर होत.

नागपूरचे कायम खंडपीठ राज्यस्थापनेबरोबर १९६० साली आले. औरंगाबादचे १९८१ साली आणि पणजीचे १९८२ साली सुरू झाले. तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्राच्या वकिलांच्या मनात एकच प्रश्न घोळू लागला : मग आम्हांस का नाही? ठराव झाले, शिष्टमंडळे गेली, मोर्चे निघाले, आणि २०१३ साली सहाही जिल्ह्यांतील वकील कित्येक आठवडे न्यायालयीन कामकाजापासून दूर राहिले.

येथे सत्य लपवून उपयोगी नाही. वकिलांस संपाचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच हरीश उप्पल खटल्यात सांगितले होते. त्या आठवड्यांत आमच्या शेजारच्या एका विधवेच्या वाटणीच्या दाव्याची तारीख लांबली, आणि मी माझ्या एका विद्यार्थ्यास, जो आज चांगला वकील आहे, रागाने बोललो. तो खाली मान घालून म्हणाला, “गुरुजी, आपले म्हणणे खरे आहे. माझी फी बुडाली ती मी सोसेन, पण काकूंची तारीख गेली ती मला परत देता येणार नाही.” त्या उत्तराने माझा राग निवळला, प्रश्न मात्र सुटला नाही. पक्षकाराच्या हितासाठी केलेल्या आंदोलनाचा भार पक्षकारानेच उचलला होता. म्हणून कोल्हापूरच्या यशाचे श्रेय वाटताना, तारखा सोसणाऱ्या त्या अनामिकांचाही वाटा काढून ठेवला पाहिजे.

१७ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यान्वये उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती, राज्यपालांच्या संमतीने, अशी बैठक अन्य ठिकाणी नेमू शकतात. कायम खंडपीठासाठी मात्र राष्ट्रपतींचा आदेश लागतो. तेव्हा मिळाले ते मोठे आहे, पण ते कायम करून घेण्याचे काम यापुढचे आहे.

शेवटी ज्ञातिबांधवांस दोन विनंत्या. पहिली, आपल्या ज्या मुलामुलींनी सनद घेतली आहे, त्यांस. न्यायासन जवळ आले, आता तुम्ही पक्षकाराच्या जवळ जा. निकालाचा कागद त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगा. तारीख मागताना त्याचे भाडे आठवा. दुसरी विनंती, सर्व कुटुंबांस. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व अल्प उत्पन्नाचे लोक यांस वकील विनामूल्य मिळतो. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावयाचा असतो. लोकअदालतीत मिटलेल्या दाव्यावर अपील नसते आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते. ही माहिती घरात असू द्या.

वडिलांच्या हिशेबाची ती वही आजही माझ्याजवळ आहे. ज्या दिवशी कोल्हापुरास कामकाज सुरू झाले, त्या दिवशी मी ती उघडून पाहिली. भाड्याचा आकडा आज क्षुल्लक वाटतो, परंतु त्या आकड्यापुढे हात टेकलेल्या माणसाचा चेहरा क्षुल्लक वाटत नाही. पुढच्या पिढीतील कोणा शेतकऱ्याच्या मुलाच्या वहीवर असा हिशेब मांडला जाऊ नये, इतकीच प्रार्थना करून लेखणी ठेवतो.