ध्वनिजन्य बहिरेपणा

मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम केल्याने अंतर्कर्णातील केशपेशी आणि श्रवणतंतूंची होणारी कायमची हानी. भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसीतील पत्र्याचे प्रेस, ग्राइंडिंग, चाकणकडील फोर्जिंग अशा कामांत तिचा धोका मोठा असतो.

कानाच्या पडद्यावर आदळलेला आवाज हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन इवल्याशा हाडांमार्फत कॉक्लिया या शंखासारख्या वेटोळ्या नळीत पोचतो. प्रत्येक कानात साधारण १५,००० केशपेशी असतात. त्यांतल्या सुमारे साडेतीन हजार मेंदूकडे संदेश धाडतात, उरलेल्या क्षीण आवाज वाढवून देतात. नळीच्या तोंडाशी उंच स्वर ओळखला जातो, आतल्या टोकाशी खर्ज. या यंत्रणेच्या अभ्यासासाठी गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१चे नोबेल मिळाले. पक्ष्यांमध्ये मेलेल्या केशपेशी पुन्हा उगवतात, माणसात नाही.

हानीची सुरुवात बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास होते, कारण जेमतेम अडीच सेंटिमीटरची कर्णनलिका ३,००० हर्ट्झजवळचे स्वर आपोआप वाढवते आणि इजा त्याच्या थोडी वर उमटते. ऑडिओग्रामवर, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखावर, तिथे खाच पडते. स, श, फ यांसारखी व्यंजने उंच स्वरांवरच ओळखली जातात. अ, आ यांसारखे स्वरवर्ण मात्र शाबूत राहतात. वाण्याने ‘साठ’ म्हटले की गिऱ्हाइकाला ‘आठ’ ऐकू येते. ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही तक्रार म्हणूनच शब्दशः खरी असते. घरचे तिला दुर्लक्ष समजतात, हे त्यातले मोठे दुःख.

कानाला स्वतःचे संरक्षण आहे. मोठ्या आवाजाला रिकिबीचा स्नायू आखडतो. पण त्याला सेकंदाचा काही अंश लागतो, तोवर प्रेसचा ठोका आत पोचलेला असतो. सततच्या घरघरीपेक्षा ठोके घातक, ते यामुळेही.

१९४८च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत, हा विकार होता. आपल्याकडील मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल. दर ५ डेसिबलला वेळ निम्मी. पण ध्वनीची ऊर्जा दर ३ डेसिबलला दुप्पट होते. म्हणजे ९५ डेसिबलमधल्या ‘नियमात बसणाऱ्या’ चार तासांत कानावर ९० डेसिबलमधल्या आठ तासांच्या दीडपटीहून अधिक ऊर्जा पडते. ८५ डेसिबल आणि ३चा हिशेब लावणारी अमेरिकेतील नायॉश संस्थेची शिफारस शरीरशास्त्राला अधिक धरून आहे.

शिफ्टनंतर कान बंद वाटतात, सुट्टीत मोकळे होतात आणि माणूस निर्धास्त होतो. पण २००९ साली कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर दाखवले, की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही केशपेशी व तंतू यांमधले असंख्य सांधे कायमचे तुटलेले असू शकतात. कमी झालेल्या संदेशांची भरपाई करायला मेंदू स्वतःची संवेदनशीलता वाढवतो. रात्री शांततेत कानात वाजणारी शिट्टी बहुधा त्यातूनच येते.

इअरप्लग बोटांनी वळून, कान वर-मागे ओढून खोल बसवला तरच उपयोगी. ऑडिओग्राम शिफ्ट सुटताच काढू नये. किमान १४ तास आवाजापासून दूर राहिल्यावर काढावा. पहिला कामावर लागतानाच हवा, कारण पुढची घट त्याच्याशीच ताडून पाहता येते. कंत्राटी कामगाराचा कारखाना बदलतो, म्हणून त्याने आपली प्रत घरी जपून ठेवावी.