ओहायोचा धडा ग्वाल्हेरला पोचलाच नाही

विदर्भातल्या घाटंजीत लाईन गेली की माणूस आधी दारात येऊन शेजारच्या घराकडे बघतो. तिथंही अंधार दिसला की जीव भांड्यात पडतो. आपल्या एकट्याची गेलेली नाही, डीपीवरच काहीतरी उडालं असणार. मग लाईनमनला फोन. ग्रिड ही चीज एवढीच असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

30 जुलै 2012 च्या पहाटे उत्तर भारतातला माणूस असाच दारात आला. शेजारी अंधार, गल्लीत अंधार, शहरात अंधार, पुढच्या राज्यातही अंधार. फोन कुणाला करायचा? घाटंजी ज्या पश्चिम ग्रिडवर आहे ती त्या दिवशी वाचली आणि दुसऱ्या दिवशीही वाचली. त्यात आपली हुशारी किती आणि नशीब किती, हे कळायला घड्याळ बरंच मागं न्यावं लागतं.

जवळपास 9 वर्षं आधी
14 ऑगस्ट 2003, अमेरिका, ओहायो राज्य. दुपारी तीननंतर एकेक करून तीन मोठ्या लाईन झाडांना टेकून बंद पडल्या. कंट्रोल रूममधली धोक्याची घंटा त्याआधीच मुकी झालेली होती. सॉफ्टवेअर अडकलं होतं आणि ते अडकल्याचं कुणाला कळलं नव्हतं. राहिलेल्या लाईनींवर भार चढत गेला. 4 वाजून 5 मिनिटं 57 सेकंदांनी सॅमिस-स्टार नावाची लाईन गेली. हिला मात्र झाड टेकलं नव्हतं, शॉर्ट सर्किटही नव्हतं. तिला तिच्याच रक्षकानं, म्हणजे रिलेनं, बंद केलं.

हा रिले समजून घ्यायला हवा, कारण पुढं तोच भेटणार आहे. लाईनीच्या टोकाला बसून तो सतत एक भागाकार करत असतो: व्होल्टेज भागिले करंट. कुठं तार तुटून जमिनीला लागली की व्होल्टेज पडतं, करंट वाढतो, उत्तर लहान येतं. उत्तर जितकं लहान, तितका बिघाड जवळ. त्याच्या नजरेचे तीन टप्पे असतात. तिसरा, झोन-3, सगळ्यात लांबचा. आपल्या लाईनीच्याही पलीकडे बिघाड झाला आणि तिथला पहारेकरी झोपलेला निघाला तर हा उठतो. पण लाईनीवर नुसता भार फार झाला आणि व्होल्टेज खाली आलं तरी भागाकार लहानच येतो. तेव्हा रिलेला वाटतं, लांब कुठंतरी तार पडली. तो लाईन तोडतो. भार कमी करायची गरज असते त्या क्षणी भार वाहणारी वाटच बंद होते आणि तो भार शेजारणीच्या डोक्यावर जातो.

ओहायोत नेमकं हेच झालं. पुढच्या काही मिनिटांत अमेरिका-कॅनडातले सुमारे 5 कोटी लोक अंधारात गेले. दोन्ही देशांनी मिळून चौकशी केली आणि एप्रिल 2004 मध्ये अहवाल सगळ्या जगासमोर ठेवला. भार आणि बिघाड यांतला फरक झोन-3 च्या रिलेला ओळखता आला पाहिजे, हे त्यात स्पष्ट होतं. अमेरिकेत पुढं त्यावर बंधनकारक नियमही झाला. अहवाल फुकट होता. कुणीही वाचावा.

6 वर्षं आधी
ऑगस्ट 2006. उत्तर ग्रिड मध्यवर्ती ग्रिडला जोडली गेली. पूर्व, ईशान्य आणि पश्चिम आधीच एकत्र होते. आता अमृतसरचा पंखा आणि घाटंजीचा पंखा एकाच तालावर, एकाच फ्रिक्वेन्सीवर. दक्षिण तेवढी वेगळी. ती कशी वेगळी होती हे बघायला आपल्याला लांब जायला नको. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला एक केंद्र आहे. तिथं एका बाजूनं आलेली एसी वीज डीसी करतात आणि लगेच पुन्हा एसी करून रामागुंडमकडे सोडतात. 1000 मेगावॉट जाते-येते, पण इकडचा झटका तिकडं लागत नाही. सोयरीक आहे, पण चुली वेगळ्या.

2 वर्षं आधी
जुलै 2010, वॉशिंग्टन. स्वच्छ ऊर्जेवर अनेक देशांचे मंत्री जमले आणि स्मार्ट ग्रिडसाठी ‘आयस्गॅन’ हे आंतरराष्ट्रीय जाळं सुरू झालं. भारत त्यात होता. कल्पना साधी: एकाला ठेच लागली की बाकीच्यांनी शहाणं व्हायचं. त्याच वर्षी इंडिया स्मार्ट ग्रिड फोरम निघाला, सॅम पित्रोदांच्या अध्यक्षतेखाली टास्क फोर्स आला. पुढं देशभरात 14 प्रायोगिक प्रकल्प ठरले. महावितरणकडून त्यात बारामतीचं नाव होतं. बहुतेक भर मीटरवर. बिल, चोरी, गळती. ते महत्त्वाचं नाही असं कोण म्हणेल? पण देशाची ग्रिड घराच्या भिंतीवर कोसळत नाही, ती दोन प्रदेशांच्या सांध्यावर कोसळते.

29 जुलै 2012, रविवार
सांधा आधीच अर्धा उघडा आहे. मध्य प्रदेशातल्या बीनाहून ग्वाल्हेर आणि पुढं आग्र्याला जाणारी दुसरी लाईन 400 वरून 765 केव्ही करण्याच्या कामासाठी बंद आहे. उत्तरेत पाऊस लांबलेला, मोटारी आणि कूलर जोरात. उत्तरेतली राज्यं ठरलेल्यापेक्षा जास्त वीज ओढताहेत. पश्चिमेतली ठरलेल्यापेक्षा कमी घेताहेत आणि जास्त सोडताहेत.

इथं एक टोचणारी गोष्ट सांगायलाच हवी. पश्चिम ग्रिडवर वीज अंगावर येत होती त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात विदर्भातलं ग्रामीण भारनियमन संपलेलं नव्हतं, आणि कृषिपंपाला वीज द्यायची तर एका आठवड्यात दिवसा 8 तास, दुसऱ्या आठवड्यात रात्री 10 तास, अशी पाळी होती. साप-विंचवाच्या अंधारात स्टार्टर दाबायला जाणाऱ्याला ग्रिडवर वीज जास्त झाली आहे हे सांगितलं असतं तर त्यानं काय म्हटलं असतं, ते छापण्यासारखं नाही.

30 जुलै, मध्यरात्रीनंतर
भार प्रेषण केंद्रं, म्हणजे ग्रिडच्या कंट्रोल रूम, राज्यांना सांगताहेत: ओढणं कमी करा. पश्चिमेला सांगताहेत: निर्मिती उतरवा. राज्यांचा प्रतिसाद अपुरा. जादा ओढलेल्या विजेचा दंड पैशात भरता येतो, पण एखादा फीडर बंद केला की आमदाराचा फोन येतो. कुणीही या हिशेबात दंडच निवडेल. कंट्रोल रूमच्या पडद्यावरचे आकडे काही सेकंदांच्या अंतरानं बदलतात. सेकंदाला पंचवीस वेळा, उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवून ग्रिडची नाडी मोजणारी पीएमयू नावाची उपकरणं देशात आली आहेत, पण प्रयोगापुरती, मोजकीच.

2:30
फ्रिक्वेन्सी 49.68. पन्नास असायला हवी. घाटंजीच्या तारांतही तीच.

2:33:11
बीना-ग्वाल्हेर ही उरलेली 400 केव्ही लाईन बंद. तार तुटलेली नाही, झाड टेकलेलं नाही. व्होल्टेज खाली, करंट वर, भागाकार लहान. झोन-3 नं लाईन तोडली. जवळपास 9 वर्षांनी, तोच रिले, तीच चूक.

2:33:13
ग्वाल्हेर-मालनपूर ही 220 केव्हीची लाईन गेली. पाठोपाठ राजस्थानातल्या भिनमाळच्या. पश्चिमेकडून उत्तरेला जायची सरळ वाट संपली. वीज आता पूर्वेच्या लांबच्या वाटेनं बिहार-उत्तर प्रदेशच्या सांध्याकडे धावली.

2:33:15
गोरखपूर-मुझफ्फरपूर. तो सांधाही उसवला. उत्तर ग्रिड एकटी पडली, आणि तिच्यात वीज कमी. अशा वेळी फ्रिक्वेन्सी घसरली की काही भाग आपोआप तोडून उरलेलं वाचवणारे रिले राज्यांनी बसवलेले असतात. कागदावर ते पुरेसे होते. प्रत्यक्षात हवं तेवढं ओझं उतरलं नाही. सुमारे 36,000 मेगावॉटचा भार असलेली ग्रिड बसली.

आणि पश्चिमेकडे? उत्तरेला जायची वीज अचानक घरीच राहिली. फ्रिक्वेन्सी पन्नासच्या वर गेली, काही संच बंद झाले, पण ग्रिड उभी राहिली. घाटंजीत कुणाला काही कळलं असेल असं वाटत नाही.

दुपारी 4
उत्तर ग्रिड पूर्ववत. दिल्लीत ऊर्जामंत्री आपल्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे. चौकशी समिती जाहीर झाली. पण ग्वाल्हेरचा रिले तसाच, लाईन तीच, आणि राज्यांची ओढही तीच.

31 जुलै, दुपारी 1:00:13
पुन्हा बीना-ग्वाल्हेर! या वेळी पूर्वही उत्तरेबरोबर राहिली आणि दोघी मिळून बुडाल्या, ईशान्येला घेऊन. सुमारे 48,000 मेगावॉट. 60 कोटींहून जास्त लोक राहतात एवढा प्रदेश. दिल्लीची मेट्रो बोगद्यात थांबली, शेकडो रेल्वेगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, बंगालच्या कोळसा खाणींत सुमारे 200 कामगार लिफ्ट बंद पडून अडकले. पुढं ते सुखरूप बाहेर आले. कोलकात्याचा काही भाग मात्र स्वतःचं बेट करून उजळलेला राहिला. कुणीतरी आधी विचार करून ठेवला होता, म्हणून.

त्याच दिवशी शिंदे देशाचे गृहमंत्री झाले. योगायोग असेल, पण त्या संध्याकाळच्या बातम्यांत तो शोभला नाही.

रात्री साडेनऊपर्यंत वीज सगळीकडे परतली. त्या चौकशी समितीचा, म्हणजे बक्षी समितीचा, अहवाल 16 ऑगस्टला आला. रिलेंची तपासणी करा, बेटांची व्यवस्था करा, पीएमयूचं जाळं देशभर पसरा. ओहायोचा अहवाल शेजारी ठेवून वाचला तर परिच्छेदामागून परिच्छेद ओळखीचा वाटतो. 2014 मध्ये त्या जाळ्याचं काम फ्रेंच आल्स्टॉमच्या भारतीय कंपनीकडे गेलं आणि पुढं हजाराहून जास्त पीएमयू उपकेंद्रांत बसली. याला मी आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतो, परिषदेतल्या फोटोला नाही. फक्त ते 2004 साली फुकट मिळत होतं.

आज घाटंजीच्या चौकात स्मार्ट हा शब्द उच्चारला की मीटरवरून भांडण सुरू होतं. भांडण रास्त आहे. पण जोडीला आणखी एक गोष्ट विचारा: पुढच्या वेळी ओझं उतरवायचा आदेश आला तर पहिला कुठला फीडर तुटणार, आणि ते आधीच कुणी ठरवून ठेवलं आहे का?

विचारायचं कारण असं. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची लाईन सुरू झाली आणि दक्षिणही याच तालात आली. भद्रावतीचं केंद्र अजून चालू आहे, पण आता ते वेगळ्या चुलींमधली भिंत राहिलेलं नाही. अख्खा देश एकाच फ्रिक्वेन्सीवर आहे, घाटंजीसकट.