चित्रकथीतील पात्रचित्रण

चित्रकथीतील पात्रचित्रण म्हणजे समोर धरलेल्या चित्रातील आकृतीवरून पात्राचा स्वभाव, वाणी आणि कृती शब्दांनी व स्वरांनी उभी करण्याची, चित्रकथी या महाराष्ट्रातील लोककलेत रूढ असलेली पद्धत होय. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने ही कला जतन केली आहे. 'चित्रकथी' हा शब्द कला आणि ती सादर करणारा कलावंत अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीतही या नावाची एक जमात आहे. पिंगुळीचे ठाकर तिच्याहून वेगळे असून अनुसूचित जमातींत मोडतात. नामसाम्यामुळे या दोहोंची गल्लत वारंवार होते.

इतिहास

चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या कलावंताचा उल्लेख चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात आढळतो. सोमेश्वराची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण. हे गाव धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यापासून फार दूर नाही. त्यामुळे या परंपरेचा सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी एक कोकणातला नसून मराठवाड्याच्या सीमेलगतचा ठरतो. मात्र त्या काळापासून पिंगुळीपर्यंतचा धागा अखंड दाखवता येत नाही.

पिंगुळीच्या चित्रकथीला सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. कुटुंबांना गावे नेमून दिलेली असत आणि त्या गावांच्या देवळांत, विशेषतः सणावारी, कथा लावण्याचा मान त्यांच्याकडे असे. ठाकर कलावंत चित्रकथीबरोबरच कळसूत्री बाहुल्या व चामड्याच्या छायाबाहुल्यांचे खेळही करीत. चामड्याच्या बाहुल्यांतील आकृती आणि कागदावरील चित्रे यांच्यातील साम्य सहज नजरेत भरते.

पोथी

एका आख्यानाच्या चित्रसंचाला 'पोथी' म्हणतात. चित्रे सुमारे ३० × ४० सेंटिमीटर आकाराच्या कागदावर रंगवून दोन-दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. त्यामुळे एक बाजू सांगून झाली की कागद उलटला जातो. आरंभी गणपती व सरस्वतीची चित्रे दाखवून वंदन केले जाते. कथा रामायण, महाभारत व पुराणांतील असल्या तरी त्यांत स्थानिक भर मोठी असते. अहिरावण-महिरावण, बभ्रुवाहन, हरिश्चंद्र ही आख्याने विशेष प्रसिद्ध आहेत. साथीला वीणा, टाळ व हुडुक ही वाद्ये असतात. जीर्ण झालेली पोथी टाकून न देता पाण्यात विसर्जित करण्याची प्रथा सांगितली जाते.

चित्रावरून पात्र

चित्रकथीचे चित्र हे घटनेचे तपशीलवार दृश्य नसते. पार्श्वभूमी जवळजवळ नसतेच. झाड, रथ, आसन किंवा छत्र यांपैकी एखादी खूण पुरते. चेहरे बहुधा एका बाजूने काढलेले, डोळा मोठा आणि ताणलेला, हात बोलत असल्यासारखे उचललेले. भावनेचे बारकावे चेहऱ्यावर रेखाटलेले नसतात. राजा, राणी, ऋषी, राक्षस हे मुकुट, केशरचना, वस्त्र, शस्त्र व शरीराच्या ठेवणीवरून ओळखता येतात. परंतु हा राजा कोणता, तो आता रागावला आहे की शोकात आहे, हे चित्र सांगत नाही. ते काम कथेकऱ्याचे.

पात्र उभे राहते ते तीन गोष्टींतून. प्रथम कथेकरी चित्रातील आकृतीकडे निर्देश करून तिचे नाव घेतो. मग गाण्यातून प्रसंग पुढे नेतो आणि पदे संपल्यावर गद्यात पात्रांचे संवाद बोलतो. एकच कलावंत राजाचा आवाज, स्त्रीचा विलाप आणि राक्षसाची गर्जना पाळीपाळीने काढतो. प्रेक्षकांची नजर मात्र त्याच्या चेहऱ्यावर नसून चित्रावर असते. नटाचा चेहरा चित्राने पुरवायचा आणि चित्राचा आवाज कथेकऱ्याने, अशी ही वाटणी आहे. चित्र जितके मोघम, तितकी कथेकऱ्याला मोकळीक अधिक. समोरासमोर उभ्या दोन आकृतींचे एकच चित्र एका रात्री थोडक्यात उरकता येते आणि दुसऱ्या रात्री, श्रोते रंगले तर, त्यावर लांबलचक वादावादी रचता येते.

संवादांची संपूर्ण लिखित संहिता नसते. ते ऐकून आणि चित्रांच्या क्रमावरून लक्षात ठेवले जातात. चित्रांचा क्रम हीच एका अर्थी कथेकऱ्याची स्मरणवही होय.

पैठण शैली आणि सुटी चित्रे

'पैठण चित्रे' या नावाने ओळखली जाणारी, याच प्रकारची पण रेषा व रंगांत वेगळी अशी कथाचित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात व देशाबाहेरील काही संग्रहांत आहेत. संग्रहालयांत पोचताना अनेक पोथ्या फुटल्या आणि चित्रे सुटी झाली. पात्र चित्रात अर्धेच असल्याने याचा परिणाम गंभीर झाला: क्रम तुटलेल्या सुट्या चित्रातील राजाचे नाव पुष्कळदा निश्चित करता येत नाही. पिंगुळीत मात्र चित्र आणि ते बोलणारा माणूस ही जोडी टिकून राहिली. अभ्यासकांच्या दृष्टीने पिंगुळीचे महत्त्व चित्रांच्या सौंदर्याइतकेच या जोडीत आहे.

सद्यस्थिती

संस्थानी आश्रय संपल्यावर आणि करमणुकीची साधने बदलल्यावर देवळांतील प्रयोग विरळ झाले. परशुराम विश्राम गंगावणे यांनी पिंगुळी येथे २००६ मध्ये 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय सुरू केले. या कार्यासाठी त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आज चित्रकथी शैलीतील चित्रे भिंतीवर लावण्यासाठी व वस्तूंवर रंगवण्यासाठी विकली जातात. यातून कुटुंबांना उत्पन्न मिळते, पण चित्र विकत घेणाऱ्याला कथा लागत नाही. चित्र काढायला शिकणे तुलनेने सोपे. संपूर्ण आख्यान आवाजांसह पाठ करणे हे दीर्घ काळाचे काम आहे आणि त्याला मागणी कमी आहे.

अन्यत्र

राजस्थानातील फड, बंगालमधील पटुआंचे पट आणि जावा बेटावरील वायांग बेबेर या चित्रदर्शी कथनाच्या परंपरा चित्रकथीच्या जवळच्या आहेत. आधुनिक काळात चित्रावरून पात्र घडवण्याची पद्धत टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांतही दिसते. १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळापासून हा प्रकार रूढ झाला. त्यातील काही खेळाडू एखादे व्यक्तिचित्र निवडून त्यावरून आपल्या पात्राचे नाव, पूर्वायुष्य व बोलण्याची ढब ठरवतात. तेथे प्रत्येक खेळाडू सहसा एकच पात्र बोलतो आणि कथेचा शेवट कोणालाच ठाऊक नसतो. चित्रकथीत सर्व पात्रे एकाच कंठातून बोलतात आणि हरिश्चंद्राचे पुढे काय होणार हे श्रोत्यांना आधीच माहीत असते.