शीडकाम (‘कौंडिण्य’ जहाज)

शीड बेतणे, शिवणे, कडांना दोर लावणे आणि ते परबाणाला, म्हणजे डोलकाठीवरच्या आडव्या काठीला, बांधणे या कामांना मिळून शीडकाम म्हणतात. जुन्या धर्तीचे जहाज नव्याने उभे करताना याच कामाला पुरावा सर्वांत तोकडा पडतो. लाकूड गाळात शतकानुशतके टिकते. कापड सहसा टिकत नाही.

भारतीय नौदलाचे ‘कौंडिण्य’ हे याचे अलीकडचे उदाहरण. अजिंठ्याच्या लेण्यातील जहाजाच्या चित्रावरून, पाचव्या शतकाच्या धर्तीचे हे जहाज गोव्यात होडी इनोव्हेशन्स या कंपनीने बांधले. बांधणीचा करार जुलै २०२३ मधला. फळ्या केरळच्या कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली काथ्याने शिवल्या. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झाले. कौतुक झाले ते मुख्यतः या शिवणीचे. शिडांकडे तितके लक्ष गेले नाही.

चित्रात शिडे उंच आणि चौकोनी दिसतात. कापड किती जाड, पट्टे किती रुंद, टाका कोणता, हे चित्रकाराने सांगितलेले नाही, आणि तो काही जहाजाचा आराखडा काढत नव्हता. त्यामुळे आकार चित्राचा, पण बाकीचा हिशेब आजच्यांनाच मांडावा लागतो.

सुती शीड उभे पट्टे एकमेकांवर चढवून दुहेरी शिवणीने जोडतात. धागा मेण लावलेला असतो. ताण कापडावर न पडता कडेच्या दोरावर पडावा, म्हणून दोर कापडाला हाताने शिवतात. कोपऱ्यांवर जादा थर देतात, कारण दामण, म्हणजे शीड ताणून धरणारा दोर, तिथेच ओढते. नवे कापड ताणले जाते, म्हणून पहिल्यांदा हलक्या वाऱ्यातच उभारतात. ओले शीड गुंडाळून ठेवले की बुरशी धरलीच.

कोकणातल्या मचव्यांचे तिरक्या परबाणाचे शीड वाऱ्याच्या रोखाकडे बऱ्यापैकी चढते. चौकोनी शीड मागून किंवा बाजूने येणारा वारा छान धरते, समोरच्यापुढे मात्र त्याचे चालत नाही. ‘कौंडिण्य’ला इंजिन नाही, तेव्हा मोसम पाळण्यावाचून गत्यंतर नव्हते: ईशान्य वाऱ्यांच्या दिवसांत, २९ डिसेंबर २०२५ रोजी, ते पोरबंदरहून निघाले आणि १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोहोचले. शिडांवर गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा काल्पनिक पक्षी, आणि सूर्य रंगवलेले आहेत.